टाइमटेबलात न मावणारा विषय

यंदाच्या अंकाचा विषय ‘कॉलेज’ आहे असं संपादकांनी कळवलं आणि वर एक टीप जोडली: हल्ली पदवीला मुख्य विषयाबरोबर ‘मायनर’ म्हणून लिंगभाव आणि लैंगिकताही घेता येते म्हणतात, ते जरा बघून या. बघायला जायचं तर सोपे पत्ते बरेच होते. पुण्याच्या आसपास ज्या खासगी विद्यापीठांत हिरवळीवर बसून इंग्रजीतून चर्चा चालतात, तिथे हा विषय असणारच. तिथे तो कोणाला खुपतही नाही. मला बघायचं होतं ते जिथे मुलं बीकॉम, बीबीए, फार्मसी, नर्सिंग करतात, संध्याकाळी मॉलमध्ये बिलं फाडतात आणि घरी कोणीतरी भोसरीच्या किंवा चाकणच्या कंपनीत पाळीला जातं, अशा ठिकाणी. म्हणून पिंपरीतलं संत तुकाराम नगर.

६ मार्च २०२२ ला पुणे मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हापासून या वस्तीला आपल्या नावाचं स्टेशन आहे. सकाळी तिथून उतरणारी गर्दी पाहिली की कोण कुठे जाणार ते कपड्यांवरून कळतं. पांढरा अ‍ॅप्रन हातावर टाकलेली मुलं मेडिकल किंवा डेंटलची. युनिफॉर्ममधल्या, केस घट्ट बांधलेल्या मुली नर्सिंगच्या. पाठीवर लॅपटॉपची बॅग असलेले इंजिनिअरिंगचे. डॉ. डी. वाय. पाटील यांच्या नावाच्या संस्थांचा मोठा पसारा इथे आहे आणि त्यात कला-वाणिज्य-विज्ञानापासून वैद्यकीयपर्यंत जवळपास सगळं येतं. गर्दीतला दुसरा लोंढा वायसीएमकडे वळतो. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हे महापालिकेचं मोठं रुग्णालय, केसपेपरच्या रांगेसाठी पहाटेपासून माणसं येतात. एसटीने येणारे वल्लभनगरच्या स्थानकावर उतरतात. अत्रे रंगमंदिराबाहेर नाटकाचे फलक. पलीकडे जुन्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा परिसर. एवढ्याशा जागेत दवाखाना, कॉलेज, कारखान्याची आठवण आणि नाट्यगृह. लिंगभावाच्या अभ्यासकाने मागूनही मिळणार नाही असं हे क्षेत्र. फक्त तो विषय शिकवायला वर्ग मिळाला पाहिजे.

मायनर ठरतो कसा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीची मोडतोड करून नवी मांडणी केली. महाराष्ट्रात ती आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि मग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली. एक मुख्य विषय, एक मायनर, एखादा पूर्ण वेगळ्या शाखेतला खुला विषय, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानपरंपरा, मूल्यशिक्षण, शिवाय प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्प. सगळं क्रेडिटमध्ये मोजायचं. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास. मायनरच्या वाट्याला पदवीभरात विसेक क्रेडिट येतात, म्हणजे साधारण तीनशे तास. इतक्या वेळात माणूस एखादा विषय बऱ्यापैकी शिकू शकतो.

कागदावर विद्यार्थी पर्याय निवडतो. प्रत्यक्षात पर्याय ठरतो तो शिक्षकांच्या वर्कलोडवर. ज्या विषयाला कायम शिक्षक आहे त्याचे तास भरायला हवेत, नाहीतर पद अतिरिक्त ठरेल. ज्या विषयाला शिक्षकच नाही तो तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, कोणी मिळाला तर सुरू होतो. वर्षभराचा भरवसा नसलेल्या माणसाच्या जिवावर तीन वर्षांचा विषय उघडायला प्राचार्य धजत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? मग वाणिज्यच्या मुलाला मायनर मिळतो तो मार्केटिंग, बँकिंग किंवा अर्थशास्त्राचा. बहुतेक कॉलेजांत लिंगभाव हा स्वतंत्र मायनर म्हणून येत नाही. तो समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी किंवा मराठी साहित्य अशा मायनरच्या पोटात एखादा पेपर, कधी पेपरातलं एखादं युनिट होऊन येतो. परीक्षेत त्याची गत ‘थोडक्यात टिपा लिहा’ अशी होते. पितृसत्ता, पाच गुण.

दुसरी अडचण वेळेची. इथली कितीतरी मुलं दुपारनंतर कामाला जातात. कोणी डिलिव्हरी करतं, कोणी कॉल सेंटरला असतं, कोणी वडिलांच्या दुकानात बसतं. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली. मायनर निवडताना ते विषयाचं नाव नंतर बघतात, आधी लेक्चर किती वाजता आहे ते बघतात. मुलींचं गणित आणखी वेगळं. शेवटचं लेक्चर पाचला संपत असेल तर घरून विचारणा होते. म्हणजे लिंगभावाचा वर्ग कोणाला परवडतो हेही लिंगभावावर ठरतं. माझ्या मते पहिला धडा इथेच सुरू व्हायला हवा. शिक्षकाने टाइमटेबल फळ्यावर लिहावं आणि विचारावं, यातला कुठला तास तुमच्यातल्या कोणाला जमत नाही, आणि का?

शिकवणाऱ्यांची जुनी वाट

हा विषय धोरणातून टपकला असं नव्या मुलांना वाटतं. महाराष्ट्रात तो पन्नास वर्षं शिकवला जातो आहे, आणि त्याची सुरुवात देशात इथेच झाली. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ मध्ये स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं. त्याच वर्षी भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा सरकारी अहवाल आला आणि स्वातंत्र्यानंतर स्त्रियांचं सगळं आपोआप सुधारत चाललं आहे हा समज मोडला. रोजगार आणि लोकसंख्येतलं प्रमाण यांत बायका मागे गेल्याचं सरकारच्याच समितीने लिहिलं होतं. अभ्यासाला कारण मिळालं ते या आकड्यांनी.

पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये केंद्र सुरू झालं. आधी विद्युत भागवत आणि पुढे शर्मिला रेगे यांनी ते घडवलं. रेगे यांचं मोठं काम संशोधनात आहेच, पण मला त्यांच्या वर्गाचं महत्त्व जास्त वाटतं. गावाकडून आलेला, मराठीतून शिकलेला, घरातला पहिला पदवीधर असा विद्यार्थी समोर बसला आहे आणि वाचायची पुस्तकं मात्र सगळी इंग्रजीत, ही त्यांच्या दृष्टीने भाषेची किरकोळ अडचण नव्हती. ज्ञान कोणाचं मानायचं याचाच तो प्रश्न होता. म्हणून वर्ग दोन भाषांत चालायचा, मराठीत वाचनसाहित्य तयार व्हायचं, आणि फुले-आंबेडकरांना सिद्धान्त सांगणारे म्हणून वाचलं जायचं, नुसते समाजसुधारक म्हणून नाही. दलित स्त्रियांची आत्मकथनं त्यांनी अभ्यासाच्या मध्यभागी आणली. २००६ चं त्यांचं पुस्तक त्यावरच आहे. रेगे २०१३ मध्ये, पन्नाशीही न गाठता गेल्या. जातीला वगळून लिंगभाव शिकवता येत नाही, हे आज महाराष्ट्रातला कुठलाही गंभीर शिक्षक सांगतो. त्यामागे हा वर्ग आहे.

आणि लैंगिकता? ती तर वर्गाबाहेरच वाढली. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. त्यांचे चिरंजीव रघुनाथ गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडायचा नाही म्हणून त्यांनी कॉलेजची नोकरी सोडली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचक त्यात हस्तमैथुनापासून समलिंगी आकर्षणापर्यंत वाट्टेल ते विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. १९३४ मध्ये या उत्तरांवरच अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. लैंगिकतेवरच्या प्रश्नांना उत्तरं देणं म्हणजे अश्लीलता कशी, हा बाबासाहेबांचा युक्तिवाद मात्र आजही कुठल्याही स्टाफरूममध्ये वाचून दाखवण्यासारखा आहे.

कारण आजचा विद्यार्थी त्या वाचकापेक्षा फार पुढे आलेला नाही. २००७ मध्ये राज्यात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर गदारोळ झाला आणि ते बंद पडलं. दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा अजूनही कितीतरी ठिकाणी ‘घरी वाचा’ या सूचनेवर उरकतो. घरी तो कोणी वाचत नाही. मग सगळं शिकवतो तो मोबाइल. मराठीत या विषयावर सरळ, न लाजता लिहिणारे थोडे. बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक’ ट्रस्टच्या कामाबरोबर लिहिलेली पुस्तकं त्यातली महत्त्वाची. मायनरच्या तीनशे तासांतले पहिले तीस तरी नुसते प्रश्नपेटीला द्यावेत. चिठ्ठीवर नाव नको, प्रश्न मोठ्याने वाचायचा, हसू आलं तर येऊ द्यायचं, आणि उत्तर द्यायचं.

मांडव आणि पाठ्यपुस्तक

या वस्तीतल्या मुलांना मी एकच उदाहरण सांगायचं ठरवलं असतं तर ते पिंपरीतल्याच भाटनगरचं सांगितलं असतं.

कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नववधूच्या ‘खरेपणा’ची परीक्षा घेण्याची प्रथा चालत आली. पांढरी चादर, आणि दुसऱ्या दिवशी जातपंचायतीसमोर नवऱ्याला जाहीर प्रश्न. याविरुद्ध समाजातलीच तरुण मुलं उभी राहिली. विवेक तमाईचीकर यांच्या पुढाकाराने ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट झाला. जानेवारी २०१८ मध्ये भाटनगरातल्या एका लग्नानंतर या गटातल्या तरुणांना मारहाण झाली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा त्याआधीच्याच वर्षी अमलात आला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी अशी चाचणी हा लैंगिक अत्याचार समजला जाईल असं जाहीर केलं. वर्तमानपत्रांत भरपूर छापून आलं. मध्यमवर्गीय वाचकाने हळहळून म्हटलं, कुठल्या काळात जगतात हे लोक.

आता हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने. त्याच काळात एमबीबीएसच्या मुलांना न्यायवैद्यकशास्त्रात ‘कौमार्याची लक्षणं’ शिकवली जात होती. पुस्तकात आकृत्या होत्या, खऱ्या आणि खोट्या कुमारिकेतला फरक होता, परीक्षेला प्रश्न होता. योनिपटलावरून शरीरसंबंध झाला की नाही हे सांगता येत नाही, अशा तपासणीला विज्ञानाचा काडीचा आधार नाही, हे सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर वर्षानुवर्षं पुराव्यानिशी मांडत होते. त्यांच्या अहवालानंतर २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढला. बलात्कारपीडितेची ‘दोन बोटांची’ तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली होती, आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याचं ते गैरवर्तन मानावं असं पुन्हा बजावावं लागलं. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अभ्यासक्रम सुधारला. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये काय झालं? आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य परत आलं, समलिंगी संबंधही ‘अनैसर्गिक’ गुन्ह्यांच्या यादीत परत आले. गहजब झाला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घ्यावा लागला.

भाटनगरच्या पंचांना अशिक्षित म्हणणाऱ्याने हे दोन कागद शेजारी ठेवून बघावेत. पंच जे चादरीवर शोधत होते तेच डॉक्टर टेबलावर शोधत होता. एकाला प्रथा म्हणतात, दुसऱ्याला विषय. न्यायालयात मात्र डॉक्टरच्या सहीचाच कागद चालायचा. शिवाय कंजारभाट हा इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एक. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो शिक्का निघाला, संशय निघाला नाही. या समाजातल्या मुलीची लढाई घरातल्या पंचायतीशी आहे, आणि तिच्या आख्ख्या समाजाला रानटी म्हणून मोकळं होणाऱ्या शहराशीही आहे. हे दोन्ही एका वाक्यात धरता येणं म्हणजेच हा विषय शिकणं. समाजशास्त्र मुख्य विषय असलेल्याला ते कदाचित कोणी शिकवेल. ज्याच्या हातात तपासणीचं टेबल असणार आहे तो मेडिकलचा मुलगा आणि त्याच्या शेजारी उभी राहणारी नर्सिंगची मुलगी, यांना कोण शिकवणार? माझं मत विचाराल तर हा विषय मेजर नसलेलाच बरा. ज्यांचं पोट दुसऱ्या विषयावर भरणार आहे त्यांनीच तो घ्यायला हवा.

पोस्टकार्ड ते असेंब्ली लाइन

पिंपरीच्या कारखान्यांत लिंगभावाचा इतिहास एका नोटिशीपासून सांगता येतो. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली. स्त्रियांनी अर्ज करू नये असं तिच्यात छापलं होतं. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं आणि त्या टेल्कोच्या शॉप फ्लोअरवरच्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. पुढे सुधा मूर्ती म्हणून त्यांनीच ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की शाळेतल्या मुलांनाही ती पाठ आहे. टेल्कोची पुढे टाटा मोटर्स झाली; तिच्याच पुण्यातल्या प्रवासी वाहनांच्या कारखान्यात आता हॅरियर आणि सफारी जोडणारी संपूर्ण महिलांची लाइन आहे. तिच्यावर दीड हजाराच्या आसपास मुली काम करतात. बजाजनेही महिलांच्या हाती लाइन दिली.

ही प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण लिंगभावाचा विद्यार्थी तिथे थांबत नाही. तो विचारतो, या मुली कायम आहेत की प्रशिक्षणार्थी? लग्न झाल्यावर किती टिकतात? रात्रपाळीचं काय? १९४८ च्या कारखाना कायद्याने बाईला संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायला मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा, परिणाम असा की पाळीपाळीने चालणाऱ्या कारखान्यात बाईला घेणंच मालकाला गैरसोयीचं वाटायचं. २०१५ मध्ये राज्याने दुरुस्ती करून संमती, वाहन आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीची मुभा दिली. केंद्राच्या २०२० च्या संहितेतही तीच दिशा आहे. आता कंपनीची बस चाकणहून निघते, हमरस्त्याला सोडते, आणि तिथून घरापर्यंतची गल्ली कोणाच्याच जबाबदारीत येत नाही.

बीबीए करणारी, मनुष्यबळ विभागात जाऊ पाहणारी मुलं इथे भरपूर. त्यांना ‘पॉश’, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, हा शब्द माहीत असतो. विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा, दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. एवढं पाठ असतं. तक्रार तीन महिन्यांत यावी, चौकशी नव्वद दिवसांत संपावी, हेही. पण कंत्राटदाराने आणलेल्या मुलीला सुपरवायझरने त्रास दिला तर तिने कोणाकडे जायचं, कंपनीच्या समितीकडे की कंत्राटदाराकडे? कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी कामगार, शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी हे सगळे येतात. लाइनवरच्या मुलीला हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि अनेकदा सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. समितीच्या फायली उद्या हीच मुलं ठेवणार. वार्षिक अहवालात ‘तक्रारी: शून्य’ लिहिताना त्यांचा हात अडखळला पाहिजे, एवढं मायनरने साधलं तरी पुष्कळ झालं.

कॉलेजचं तरी काय वेगळं आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीवर विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडतात हे त्या नियमांनी मान्य केलं आहे. मी विचारलेल्या मुलामुलींना समितीचा फलक कुठे लावला आहे हे नेमकं सांगता आलं. त्यावरचं एकही नाव आठवलं नाही.

कुठल्या वॉर्डात

२०२२ मध्ये आयुक्त राजेश पाटील यांच्या काळात पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ‘ग्रीन मार्शल’ म्हणून कामावर घेतलं. सिग्नलवर ज्यांच्याकडे बघून लोक काच वर करत, त्यांच्या हातात अधिकाराची काठी आली. बातमी देशभर गाजली. त्यामागचा प्रश्न पगारापेक्षा खोल आहे. गणवेश कुठला, कपडे बदलायची खोली कुठली, हजेरीपटावर नाव कुठलं, बँकेच्या खात्यावर कुठलं? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्याची पायरी आणली. आधार, पॅन, दहावीचा दाखला, प्रत्येकावर वेगळं नाव असलेल्या माणसाला ही पायरी किती उंच वाटते, हे कळायला त्याच्याबरोबर एकदा रांगेत उभं राहावं लागतं.

रुग्णालयात तर प्रश्न आणखी थेट आहे. कुठल्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात वॉर्ड दोनच प्रकारचे: पुरुष आणि स्त्री. रात्री अपघात होऊन आलेल्या तृतीयपंथी रुग्णाला कुठे ठेवायचं, हे रात्रपाळीची परिचारिका आणि वॉर्डबॉय मिळून ठरवतात. त्यांच्यासाठी लिहून ठेवलेलं काही असतंच असं नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमाचा या दृष्टीने फेरविचार करावा असं २०१९ च्या कायद्यातच म्हटलं होतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ गैरवर्तन ठरवले. पण केसपेपरच्या खिडकीत बसलेला माणूस मोठ्याने ‘मेल का फिमेल?’ विचारतो तेव्हा मागची सगळी रांग ऐकते. तो माणूस डॉक्टर नसतो. तो कुठल्यातरी कॉलेजचा बीए किंवा बीकॉम असतो.

मुलगे

असले वर्ग जिथे भरतात तिथे मुली जास्त आणि मुलगे मागच्या बाकावर, असं शिक्षक सांगतात. आलेले मुलगे पहिले काही आठवडे वाद घालतात. पुरुषांवर खोट्या केसेस होतात त्याचं काय? बसमध्ये आम्ही उभं राहायचं का? शिक्षकाने हे प्रश्न उडवून लावले की वर्ग संपला. ‘मावा’ या संस्थेचं उदाहरण इथे उपयोगी आहे. हरीश सदानी आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुरुषांमध्येच काम सुरू केलं, कॉलेजातल्या मुलग्यांना गाठलं, आणि ‘पुरुष स्पंदनं’ नावाचा दिवाळी अंकच काढला. पुण्यातून ‘पुरुष उवाच’ त्याआधीच निघत होता. दिवाळी अंकात पाककृती आणि राशिभविष्याच्या शेजारी मर्दानगीवर लेख छापणारी भाषा आपली आहे, हे मला फार कौतुकाचं वाटतं. आम्हा मराठी लोकांना विषय वर्ज्य नसतो, फक्त सणाचं निमित्त लागतं.

या वस्तीच्या नावातही एक गोष्ट दडली आहे. तुकारामांची शिष्या बहिणाबाई, शिऊरची, ब्राह्मण घरातली. शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्याने मारलं, आणि हे तिने स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलं. सतराव्या शतकातल्या बाईने नवऱ्याची मारहाण, जात आणि देव हे तिन्ही एकत्र मांडलं. मराठी मायनरच्या मुलांना ती संतकवयित्री म्हणून येते, प्रश्नही भक्तिरसावर असतो. तिच्या शेजारी तुकोबांची आवली ठेवली, जिला कीर्तनांनी कजाग ठरवलं आणि जिच्या घरात दाणा नव्हता, तर त्याच अभ्यासक्रमात, नवा पेपर न उघडता, नवा शिक्षक न नेमता हा विषय शिकवता येईल. वारी याच भागातून जाते, मुलं दरवर्षी बघतात.

नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्पाला क्रेडिट आहेत. बरेचजण त्यावर इंटरनेटवरून उतरवलेला अहवाल लावतात. एका बीकॉमच्या मुलीच्या डोक्यात मात्र वेगळा प्रकल्प होता. तिची आई भोसरीच्या एका छोट्या युनिटमध्ये पॅकिंगला जाते आणि दिवसभर पाणी कमी पिते. तिला आजूबाजूच्या युनिटांतली बायकांची स्वच्छतागृहं मोजायची होती. नियम तिने शोधून काढला होता: पंचवीस बायकांमागे एक. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघराची अट होती, हेही तिला त्याच वाचनात सापडलं. मुख्य विषय अकाउंटन्सी असल्याने तक्ता तिचा आधीच तयार होता: युनिट, बायका, कंत्राटी किती, शौचालयं, पाणी येतं का, कडी लागते का, रात्री दिवा असतो का. मार्गदर्शक बाईंनी शेवटून दुसऱ्या रकान्यावर पेन्सिलीने दुप्पट रेघ मारली आणि हे आधी विचार असं सांगितलं. फक्त कंपनीच्या गेटवर आत सोडण्यासाठी कॉलेजचं पत्र लागणार होतं, आणि त्या पत्रात प्रकल्पाचा विषय काय लिहायचा यावर ऑफिसात अजून बोलणं चालू होतं.